पहाटे अडीचची धडधड ते मानसोपचार ओपीडी: कोल्हापुरात दवाखाना शोधताना

जून ते सप्टेंबर २०२५ या काळात आमच्या मामांसाठी (वय ५८, घर कोल्हापुरातल्याच संभाजीनगरला) तीन तऱ्हेचे दवाखाने शोधावे लागले. पहिला रात्रीचा तातडीचा, दुसरा रोजच्या दुखण्याखुपण्याचा आणि तिसरा मानसोपचाराचा. कोल्हापुरात डॉक्टरांना तोटा नाही, राजारामपुरीच्या गल्लीत उभं राहिलं की पाट्याच पाट्या दिसतात. पण कोणत्या वेळी कोणत्या दारात जायचं हे कुणी आधी सांगत नाही आणि ऐन वेळी ते सुचत नाही. म्हणून घडलं तसं, तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे. मामांना विचारूनच लिहिते आहे.

१० जून, मंगळवार, पहाटे अडीच. छातीत धडधड, आवळल्यासारखं, दरदरून घाम, हातापायाला मुंग्या. अशा वेळी घरात पहिला शब्द निघतो तो "गॅस असेल." ओवा, सोडा, पाठीला तेल यात अर्धा तास सहज जातो. पन्नाशीपुढच्या माणसाच्या छातीत आवळत असेल, तर तो गॅस आहे की टेन्शन आहे हे घरात ठरवायचं नाही. ईसीजी निघाल्याशिवाय ते डॉक्टरांनाही ठरवता येत नाही.

१०८ लावला. ही सेवा २०१४ पासून राज्यभर आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर विचारतात ते असं: नेमका पत्ता, जवळची खूण, वय, शुद्धीवर आहे का, श्वास कसा चाललाय. पत्ता सांगताना कॉलनीचं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाच्या दोन-तीन कॉलन्या असतात. जवळचं देऊळ, तालीम, शाळा, पाण्याची टाकी असं काहीतरी सांगा. एकाने टॉर्च घेऊन कोपऱ्यावर उभं राहावं, दाराबाहेरचा दिवा लावावा आणि ज्या नंबरवरून फोन केला तो मोकळा ठेवावा, कारण गाडीवाल्याचा फोन त्यावरच येतो. नातेवाइकांना कळवायचं तर दुसऱ्या मोबाइलवरून. ॲस्पिरिन चघळायला द्यायची का, हेही त्याच फोनवर विचारा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असलेल्याला ती चालत नाही, म्हणून मनाने देऊ नका. आमच्याकडे गाडी यायला बावीस मिनिटं लागली.

मधल्या वेळात मामींनी एका खासगी रुग्णालयात फोन केला. "घेऊन या, बघू," एवढंच उत्तर मिळालं. नंतर कळलं की तिथे त्या रात्री फिजिशियन हजरच नव्हते. तेव्हापासून रात्री खासगीत फोन करायचा झाला, तर आम्ही तीन प्रश्न ठरवून ठेवले आहेत. फिजिशियन आत्ता आत आहेत की बोलवावे लागतील? ईसीजी आणि रक्ततपासणी रात्री होते का? सीटी स्कॅन चालू आहे का? तिसरा प्रश्न अर्धांगवायूसाठी. तोंड वाकडं, हात उचलेना, बोबडं बोलणं असं झालं, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी लागतोच. सीटी नसलेल्या दवाखान्यात आधी सलाईन लावून घेतलं की तोच वेळ वाया जातो.

गाडीने सीपीआरला, म्हणजे दसरा चौकाजवळच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात नेलं. रात्री कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, जाताना सोबत दोघं हवीत. एकाने पेशंटजवळ थांबायचं, दुसऱ्याने केसपेपर, रक्ताच्या नळ्या, रिपोर्ट यासाठी पळायचं. एकटं माणूस असलं की पेशंटला सोडून खिडकीवर जावं लागतं. पहिला ईसीजी लगेच निघाला, नॉर्मल आला. बीपी १६०/१००, साखर आणि ऑक्सिजन ठीक. तरीही थांबवून घेतलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, तर रक्तात ट्रोपोनिन वाढतं, पण ते वाढायला काही तास लागतात. म्हणून पहिली तपासणी नॉर्मल आली तरी काही तासांनी पुन्हा करतात. हे माहीत नसलं की "उगाच बसवून ठेवलंय" असं वाटतं आणि माणसं सही करून घरी निघून जातात. असं निघू नका. दुसरा ईसीजी आणि दुसरं ट्रोपोनिन दोन्ही नॉर्मल आले. सकाळी साडेसातला घरी सोडलं.

निघताना एक गोष्ट केली, तिचा पुढे तीनदा उपयोग झाला. ईसीजीच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढला आणि झेरॉक्स करून घेतली. तो कागद उष्णतेवर छापला जातो, कालांतराने अक्षरं उडतात. प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तर लवकरच.

यानंतरचा प्रश्न होता तो नेहमीच्या डॉक्टरांचा. मामांना ठरलेला डॉक्टर नव्हताच. सर्दीला एक, पाठदुखीला दुसरा, बीपी मेडिकलच्या दुकानात मोजलेलं. कुणाकडेही जुनी नोंद नाही. ११ जूनला आम्ही शोधायला लागलो. निकष साधे ठेवले: घरापासून पंधरा मिनिटांत, संध्याकाळी उघडा, हाताने तपासणारा, लिहून देणारा आणि गरज पडली तर पुढच्या डॉक्टरांना चिठ्ठी देणारा. पाटीवरची पदवी वाचा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असायला हवा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. कोण कशाचा डॉक्टर आहे हे सरळ विचारायला संकोच करू नये. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही, हा आमचा अनुभव.

पैशाची ओढाताण असेल, तर महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत: राजारामपुरी, सदर बाजार, फुलेवाडी, फिरंगाई. मोठं काही असेल तर पालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय. तिशीपुढच्यांसाठी बीपी आणि साखरेची तपासणी केंद्रात मोफत होते, नियमित गोळ्याही मिळतात. दिवसा कामावर असणाऱ्यांनी जवळचा 'आपला दवाखाना' कुठे आहे ते पाहून ठेवावं. १ मे २०२३ पासून राज्यभर सुरू झालेल्या या दवाखान्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठरवलेली आहे. गावाकडच्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर ग्रामीण रुग्णालय. तिथली खरी वेळ आणि डॉक्टर कधी असतात हे आशाताईंना पक्कं माहीत असतं.

आणखी एक माहिती बऱ्याच जणांना नसते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडचं. म्हणून तिथे सगळं मोफत असेल असं गृहीत धरू नका, केसपेपर काढताना सुटे पैसे जवळ ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडीच्या गोळ्यांसाठी नाही. भरती व्हावं लागलं तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या मदतनीसाला, आधी भेटा, बिल झाल्यावर नाही. रेशनकार्ड आणि आधारवर नाव एकसारखं आहे का तेही बघून ठेवा. तिथेच गाडी अडते.

१२ जूनला संध्याकाळी घराजवळच्या एमबीबीएस डॉक्टरांकडे गेलो. फी २०० रुपये. त्यांनी आधी चहा किती पिता ते विचारलं. दिवसाला आठ कप. मग तंबाखू, दारू, खोकल्याचं औषध, दुकानातून आणलेल्या गोळ्या, झोप. तपासण्या लिहिल्या: हिमोग्राम, थायरॉईडची टीएसएच, तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन, बी १२, कोलेस्टेरॉल. थायरॉईड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते, म्हणून मनाकडे वळण्याआधी हे बघायचंच. खासगी लॅबमध्ये १,६५० रुपये झाले. सगळं मर्यादेत आलं, फक्त बी १२ थोडं कमी.

मधल्या दिवसांत त्रास पुन्हा आला: १३, १६ आणि १८ जून. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली होती, त्यामुळे नेमकं लिहिलेलं होतं. सुरुवात किती वाजता, शिगेला किती मिनिटांत, ओसरला कधी, त्याआधी काय चाललं होतं. प्रत्येक वेळी दहा मिनिटांत शिगेला आणि अर्ध्या-पाऊण तासात शांत. जिना चढताना, चालताना काहीच नाही. ही वही नसती, तर आम्ही "वरचेवर होतं हो" यापलीकडे काही सांगू शकलो नसतो.

१८ जूनचा त्रास रात्री साडेअकराला आला. ओसरल्यावर १४४१६ वर फोन केला. ही टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास आणि मोफत. भाषा निवडायला सांगतात, मराठी आहे. समुपदेशकांनी मामांशीच बोलायचा आग्रह धरला, तो योग्यच होता. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्यांनी सुरुवातीलाच सरळ विचारलं. असं विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो, हा आपला गैरसमज आहे. मामा "नाही" म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा सैल झाला. बारा मिनिटं बोलणं झालं. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायचा, पाय जमिनीवर टेकवून बसायचं, एवढं शिकवलं आणि जवळच्या सरकारी मानसोपचार सेवेत जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांनी तेच सुचवलं. मामा उसळले.

"म्हंजे मी काय वेडा झालोय व्हय?"

"मामा, हृदय बघितलं, रक्त बघितलं, दोन्ही चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "घरात चोर नसताना घंटा वाजतेय. घंटा बघणारा डॉक्टर वेगळा असतो, एवढंच."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. त्रासाच्या तारखा, ईसीजी आणि ट्रोपोनिनचा निकाल, थायरॉईड, चालू गोळ्या आणि "पॅनिक अटॅकची शंका", म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र घबराटीचा झटका. या चिठ्ठीमुळे पुढे एकही तपासणी दुसऱ्यांदा करावी लागली नाही.

आता मानसोपचाराचा शोध. इथे नावांचा घोळ फार आहे, म्हणून थोडं सविस्तर. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे आधी डॉक्टर असतात, म्हणून गोळ्या लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, क्रमांक विचारता येतो. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. तेव्हा शिक्षण काय, किती वर्षं काम केलं आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे विचाराच. 'मेंदूविकार' लिहिलेली पाटी बहुतेकदा न्यूरोलॉजिस्टची असते. फिट, अर्धांगवायू, पार्किन्सन हे त्यांचं काम.

२० आणि २१ जूनला खासगी चार ठिकाणी फोन केले. पहिल्या भेटीची फी ७०० पासून १,२०० पर्यंत सांगितली गेली. सगळ्यात जवळची तारीख ३ जुलै. फोनवर विचारायचं ते हे: पहिल्या भेटीला किती वेळ देता, फेरभेटीची फी किती आणि किती दिवसांत, मधेच गोळ्यांचा त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, औषधं बाहेरच्या दुकानात मिळतील अशी लिहून देता का. शेवटच्या प्रश्नाला एका ठिकाणी उत्तर आलं, "गोळ्या आमच्याकडंच मिळतात, चिठ्ठी देत नाही." नाव नसलेल्या सुट्या गोळ्यांची पुडी. ते ठिकाण आम्ही सोडलं. गोळीचं नाव माहीत नसेल तर रात्री त्रास झाल्यावर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना सांगणार काय?

३ जुलैपर्यंत थांबायचं नव्हतं. २४ जूनला, मंगळवारी, सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीला गेलो. सव्वाआठला रांगेत, नऊच्या आधी केसपेपर. आधी शिकाऊ डॉक्टरांनी पाऊण तास माहिती घेतली: झोप, भूक, कामावरचा बदल, घरात कुणाला असा त्रास, आधी कधी. मग त्यांच्या वरिष्ठांनी पुन्हा तपासून निदान सांगितलं. वैद्यकीय महाविद्यालयात दोनदा तेच सांगावं लागतं, त्याला वैतागू नका. खासगीत क्वचितच कुणी एवढा वेळ बसून ऐकतं. पेशंटला थोडा वेळ एकट्याला आत बसू द्या. मामांनी आमच्यासमोर न बोललेल्या दोन गोष्टी तेव्हाच सांगितल्या. सकाळ पूर्ण मोडते, म्हणून डबा आणि पाणी न्या. कामावर अर्ध्या दिवसाची रजा पुरत नाही.

औषध दोन तऱ्हेचं मिळालं. एक रोजची गोळी, पहिला आठवडा अर्धी, मग पूर्ण. तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आणि सगळं अडतं ते इथे. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थता वाढणं असं होऊ शकतं. गुण नाही आणि त्रास मात्र आहे म्हणून माणसं पाचव्या दिवशी गोळी बंद करतात. आम्हाला हे आधीच सांगितलं होतं, म्हणून मामा टिकले. दुसरी गोळी घबराट लगेच शमवणारी, ती फक्त दोन आठवड्यांसाठी. तिची सवय लागते, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमी करत बंद करायची. शेजाऱ्याला "झोप येत नाही" म्हणून त्यातली एक देणं तर अजिबात नाही. ती सुरू असेपर्यंत मामांची स्कूटर घरात लावून ठेवली होती. दारू पूर्ण बंद, कारण दोन्ही मिळून गुंगी वाढते.

काही गोळ्या रुग्णालयातच मिळाल्या, एक बाहेरून आणली. जनऔषधी केंद्रात कंटेंटचं, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधाचं, नाव सांगितलं, तर निम्म्याहून कमी पैशांत मिळाली. मात्र कंपनी बदलली की गोळीचा रंग आणि आकार बदलतो आणि घरातल्या मोठ्या माणसांचा गोंधळ उडतो. डबीवर नाव आणि वेळ मराठीत लिहून चिकटवली.

८ जुलैला फेरतपासणी. तोपर्यंत दोनच झटके, तेही सौम्य. त्यानंतर एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे सहा भेटी झाल्या, प्रत्येकी ६०० रुपये, पंचेचाळीस मिनिटं. त्यात मामांना मुद्दाम धडधड वाढेल असे छोटे सराव दिले होते, जागेवर धावणं, जिना भरभर चढणं, म्हणजे "धडधड झाली म्हणजे मी मेलो" ही मनातली जोडणी सुटावी. हृदयाची तपासणी आधी झालेली होती, म्हणूनच हे करता आलं.

पावसाळ्याची एक सूचना फक्त कोल्हापूरकरांसाठी. मानसोपचाराच्या या गोळ्या एकदम बंद पडल्या की चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता, औषधांच्या गाड्या अडल्या होत्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीकडे, म्हणजे ३९ फुटांकडे निघालं की आम्ही पंधरा दिवसांच्या गोळ्या आणून ठेवतो. ४३ फुटांना धोका पातळी, तोवर वाट बघत नाही.

मामांच्या मनात जीव द्यायचा विचार आला नाही, पण या निमित्ताने विचारून घेतलेलं लिहून ठेवते. कुणी जीव द्यायची भाषा केली, तर एकटं सोडायचं नाही. शेतकरी घरात फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात. गोळ्यांची डबी दुसऱ्याच्या ताब्यात. विष घेतलंच असेल, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावू नका, बाटली सोबत घ्या आणि थेट मोठ्या कॅज्युअल्टीला. पोलिसांच्या भीतीने गावातल्या दवाखान्यात लपवाछपवी करत बसू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत. भरती करावं लागलं, तर त्याच कायद्याने पेशंट स्वतः सही करून दाखल होऊ शकतो आणि आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवू शकतो. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातलं कोल्हापूरला जवळचं रत्नागिरीचं. पण बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही, ओपीडीतच भागतं. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं बंधन याच कायद्यात आहे. पॉलिसीचा कागद काढून बघा.

प्रवास धरून तीन महिन्यांत साडेसात हजारांच्या आसपास खर्च झाला. त्यातला निम्मा थेरपीचा.

स्वयंपाकघराच्या दारामागे आता एक कागद चिकटवला आहे. १०८. १४४१६. फॅमिली डॉक्टरांचा नंबर आणि वेळ, गुरुवारी बंद. मामांच्या गोळ्यांची नावं, बी १२ चं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीख, ॲलर्जी नाही. त्याखाली मामींनी स्वतःच्या हाताने घातलेली ओळ: कुत्रं चावलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणे, हळद-चुना नाही, त्याच दिवशी लस. शेजारी खिळ्याला फाइल, तिच्यात ईसीजीची झेरॉक्स वर. पुढची तारीख १६ सप्टेंबर, मंगळवार, सव्वाआठला रांगेत.